रिसॉर्टसाठी बगीच्यातली जुनी छोटी रेल्वे कापायचं काम आलंय, घेऊ का?

गॅसकटर, अचलपूर तालुका

राजेहो, प्रश्न लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. गेट, ग्रील, गोठ्याचं शेड, ट्रॉलीचा फाळका, येईल ते काम. डिसेंबरात मात्र दुकान भावाच्या भरवशावर सोडून मी बहिरमला पडलेला असतो. 20 डिसेंबरला यात्रा लागते, जानेवारीभर चालते, आणि तिथल्या पाळणेवाल्यांचं रोज काही ना काही तुटतं. लोक तिथे हंडीतलं मटण आणि रोडगे खायला येतात. मी कोलंबसच्या नावेखाली पाठीवर पडून ग्रीस भरतो. वरून पोरींच्या किंकाळ्या एका लयीत यायला लागल्या की समजायचं, बेअरिंग बरोबर बसलं.

थीम पार्कचा नाद लागला तो संत्र्यामुळे. आमच्याकडे शेतीची लाइन आठवड्यातले काही दिवस रात्रीच असते. मोटर सुरू करायची, बांधावर खाट टाकायची, दर अर्ध्या तासाने उठून दांड फुटला का ते पाहायचं. मधल्या वेळात झोप लागू नये म्हणून मोबाइल. एका रात्री रोलर कोस्टरच्या पहिल्या सीटवरून काढलेला व्हिडिओ समोर आला, आणि तिथून निघालो तो थेट फ्लोरिडात पोचलो. आठ वर्षं झाली याला. मी आजपर्यंत मुंबईच्या पुढे गेलो नाही, पण तिथल्या डिस्नेच्या मॅजिक किंगडम पार्कमध्ये डोळे बांधून सोडलं तरी मुतारी शोधून दाखवीन.

तर तिथे एक नदी होती, रिव्हर्स ऑफ अमेरिका. खोदलेली नदी, 1971 ला पार्क उघडलं तेव्हाची. तिच्यात लिबर्टी बेल नावाची मोठी नाव, मागे पाणी मारणारं चाक, पोटात खरा बॉयलर, वाफेवर चालणारी. पाहणाऱ्याला वाटायचं ती मोकळी तरंगत चालली आहे, पण पाण्याखाली रूळ होता आणि नाव त्या रुळाच्या धाकात चालायची. सुकाणूवाल्याने हात खिशात घातले तरी चालायचं. पाणी गडद, म्हणून रूळ दिसायचा नाही. हे मला ज्या रात्री समजलं त्या रात्री दांड फुटून शेजाऱ्याच्या तुरीत पाणी गेलं आणि मला पत्ता नाही. शेजारी अजून बोलत नाही.

ती नाव 6 जुलै 2025 ला शेवटची फिरली. नदी आणि मधलं बेट बुजवून तिथे मोटारींच्या कार्टूनवर बेतलेला नवा भाग करून रायले.

त्याहून मला लागलं ते रिव्हर कंट्रीचं. 1976 चं, डिस्नेचं पहिलं वॉटर पार्क. आजच्यासारख्या निळ्या टाइल्स नाहीत. खडकांतून घसरगुंडी, खाली वाळू, बाजूला मोठं तळं. आपल्याकडे पोरं डोहात उड्या मारतात तसंच, फक्त तिकीट काढून. 2001 च्या हंगामानंतर ते उघडलंच नाही, वर्षानुवर्षं घसरगुंड्यांवर वेली चढत गेल्या. आता त्या जागी लेकशोर लॉज नावाचं रिसॉर्ट उभं होऊन रायलं, 2027 ला उघडणार म्हणतात.

आता घरचं. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाताना घाट लागायच्या आधी एक बगीचा होता. नाव घेत नाही, मालकाशी माझा रोजचा व्यवहार आहे. चार पाळणे, एक ड्रॅगन आणि एक छोटी रेल्वे. इंजिन, तीन डबे, अडीचशे फुटांचा गोल. मी आठ-नऊ वर्षांचा असताना, मृग बहाराचा सौदा झाल्यावर, बाबांनी घरातल्या सगळ्यांना कमांडर जीपमध्ये कोंबून तिथे नेलं होतं. तिकीट 5 रुपये. मी चार वेळा बसलो. पाचव्यांदा बाबा म्हणाले, “पैसे सरले. आता हात हालव.” मी गोलाच्या बाहेर उभा राहून, ज्या डब्यात बसायचो त्या डब्याला हात हलवला. तो डबा रिकामा होता.

कोरोनात बगीचा बंद झाला तो बंदच. आता तिथे 24 खोल्यांचं रिसॉर्ट येऊन रायलं, लग्नाचं लॉन, स्विमिंग पूल. सुट्टीच्या दिवसांत वर चिखलदऱ्याला खोली भेटत नाही, गोराघाट ते हरिकेन पॉइंट स्कायवॉकच्या आशेवर लोकांनी जागा धरून ठेवल्या, तर खाली पायथ्यालाही धंदा आहे हे मलाही समजते. मालकाने परवा बोलावलं. म्हणाला, “रेल्वे तूच काप. बाहेरच्याला देण्यापेक्षा तुले दोन पैसे भेटतीन.” मजुरी बरी आहे, शिवाय पार्किंगच्या शेडचं कामही मलाच देतो म्हणते.

तुम्ही मोठ्या पार्कांचा नाद असलेली माणसं, म्हणून इथे विचारतो. जिकडेतिकडे खोल्या वाढतात आणि बसायचं कमी होते, हे काऊन? आणि काम घेऊ का?

वरुडवाला

भाऊ, रूळ हायेत म्हणजे वजन हाय. काम घे. तू नाही कापलं तं दुसरा कापंन. ते नदीचं मले काही समजलं नाही.

दर्यापूरचा, सध्या टॅम्पा

गॅसकटरभाऊ, नमस्कार. मी ज्या गावी राहतो तिथून ते पार्क गाडीने दीड तासावर आहे, म्हणून बोलायचा थोडा हक्क आहे असं धरून चालतो.

लिबर्टी बेलवर शेवटच्या दोन वर्षांत दोनदा बसलो. दोन्ही वेळा वरच्या मजल्यावर आमच्या घरची चार माणसं आणि कुणाचे तरी झोपलेले आजोबा. नदी गेली म्हणून आज जे गळे काढतात, त्यांतले कितीतरी जण दहा वर्षांत तिच्याकडे फिरकले नव्हते. शेवटच्या आठवड्यात मात्र ही रांग! मीही त्या रांगेत होतो, तेव्हा दुसऱ्याला काय बोलू.

पण तुमच्या प्रश्नात एक गोष्ट उलटी आहे. आधी पाळणे होते आणि मग हॉटेलं घुसली, असं तिथे झालेलं नाही. 1955 मध्ये कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं तेव्हा जागा होती सुमारे 160 एकर. भोवती दुसऱ्यांनी मोटेलं बांधली आणि पैसा त्यांनी उचलला. ते वॉल्ट डिस्नेच्या जिव्हारी लागलं. म्हणून फ्लोरिडात वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावाने गुपचूप 27,000 एकरांच्या घरात जमीन घेतली. आपल्याकडे रस्ता येणार याची कुणकुण लागली की रातोरात सातबारे फिरतात, तसंच. आणि 1 ऑक्टोबर 1971 ला पार्कचं फाटक उघडलं त्याच दिवशी कंटेम्पररी आणि पॉलिनेशियन ही दोन हॉटेलंही उघडली. कंटेम्पररीच्या पोटातून मोनोरेल जाते. तिच्या खोल्या दुसरीकडे पूर्ण तयार करून, आणून, क्रेनने उचलून पोलादी सांगाड्यात सरकवल्या होत्या. हे तर तुमच्याच धंद्यातलं, पाहिलं नसेल तर आजच्या रात्रीच्या पाण्याला पाहा. सांगायचं काय, तिथे हॉटेल ही सवत नाही, जुळी बहीण आहे.

माझा राग वेगळा आहे. 1991 पासून त्यांनी खोल्यांचे दिवसच विकायला काढले. वर्षातले इतके दिवस तुमचे, कितीतरी वर्षांसाठी, पैसे आधी. डिसेंबर 2024 ला पॉलिनेशियनला नवा मनोरा उघडला, तोही त्याच योजनेतला. तुम्ही धंद्यातले आहात, सांगा बरं, एका कामात गिऱ्हाईक आगाऊ देतो आणि दुसऱ्या कामात लोखंड आपल्या खिशातून आणावं लागते, तर सकाळी दुकान उघडून आधी कुठलं काम हाती घ्याल?

आणखी एक. गेलेलं सगळं जात नाही. तिथलीच स्प्लॅश माउंटन नावाची पाण्यातली राइड जानेवारी 2023 मध्ये बंद झाली. तिच्या कथेच्या मुळाशी असलेल्या जुन्या चित्रपटात काळ्या लोकांचं चित्रण ज्या प्रकारे केलं होतं, त्यावरून वाद होता, आणि तो खराच होता. पण राइड तोडली नाही. तोच पाण्याचा पाट, तीच 52 फुटांची उडी, फक्त गोष्ट नवी, आणि जून 2024 मध्ये परत सुरू. माझी मुलगी नवीन राइड म्हणून बसली. माझ्या पोटातला गोळा जुनाच होता.

गॅसकटर

दादा, सवत आणि जुळी बहीण हे पटलं. पण जुळी असली तरी एकीलाच जेवू घातलं तर दुसरी वाळते ना.

खोल्या सरकवल्या ते पाहिलं. दोनदा पाहिलं. दांड शाबूत आहे.

मोहर्लीचा हिशेबनीस

मी ताडोब्याच्या बाजूला एका रिसॉर्टचे हिशेब पाहतो. भावनेचं तुम्ही बोला, मी आकड्याचं बोलतो.

खोली रात्री 6,000 ला गेली, सकाळी चादर बदलली की परत विकायला तयार. पाळणा रविवारी चार तास कमावते आणि सोमवार ते शनिवार ग्रीस खाते. अवकाळी पाऊस आला की पाळणा थांबवावा लागते, खोलीतला माणूस मात्र उलट आणखी एक चहा मागवते. वरून विमा, तपासणी, चालवणाऱ्याचा पगार, आणि एखाद्या पोराच्या कपाळाला खोक पडली तर पोलीस स्टेशन. कुठलाही मालक रात्री उशीवर डोकं ठेवून हा हिशेब करते आणि सकाळी गॅसकटरला फोन लावते.

मोठ्यांचंही हेच. गोराईचं एस्सेल वर्ल्ड 1989 ला सुरू झालं, 2022 ला बंद. आमच्या पिढीतल्या अर्ध्या विदर्भाने ते फक्त टीव्हीवरच्या जाहिरातीत पाहिलं, तरी बंद झाल्यावर घरचं कोणी गेल्यासारखे मेसेज फिरले. दिल्लीचं अप्पू घर 1984 चं, ते 2008 मध्ये उठलं. जमीन सुप्रीम कोर्ट आणि मेट्रोच्या कामी आली. आता तिथे भांडणार कोणाशी, न्यायाधीशांशी? खोपोलीजवळचं इमॅजिका 2013 ला उघडलं, राइडवर पाण्यासारखा पैसा ओतला, हॉटेल मागाहून बांधलं, तरी कर्जाने गळा धरलाच. शेवटी 2022 मध्ये संगमनेरच्या मालपाण्यांनी घेतलं. त्यांनी राइड चालू ठेवल्या हे विशेष.

आता दुसरी बाजू, ही मला नोकरीत समजली. आमच्याकडे पाहुणे वाघासाठी येतात. सकाळची सफारी साधारण साडेदहाला संपते, दुपारची अडीचला सुरू होते. मधले चार तास लहान पोरं काय करतात? रिसेप्शनवर येऊन मला विचारतात, “काका, इथं खेळायला काय आहे?” आमच्याकडे एक झोका आणि एक कॅरम आहे. कॅरमच्या सोंगट्या सोळा. ज्या घरची पोरं कंटाळली त्या घराने दुसरी रात्र घेतली असं मी फार कमी पाहिलं.

म्हणून मालकासमोर रडू नकोस. त्याला म्हण, 24 खोल्या, त्यांतल्या चार घरांनी जरी पोरांच्या रेल्वेपायी एक रात्र जास्त काढली तर महिन्याचं किती होते, मांड.

सहलवाल्या बाई, अकोट

मी जिल्हा परिषद शाळेत बत्तीस वर्षं काढली, सहलींवर माझा अधिकार आहे.

शेगावच्या आनंदसागरला किती वेळा पोरं नेली ते मोजलेलं नाही. तळ्यातल्या ध्यानकेंद्राकडे पोरं ढुंकून पाहायची नाहीत, सगळ्यांचा जीव त्या छोट्या रेल्वेत. एकदा चढवताना 43 मोजली आणि उतरवताना 44. दोनदा मोजली. एक पोरगा दुसऱ्या शाळेचा निघाला, आमच्या डब्यात जास्त गोंधळ होता म्हणून आला म्हणाला. त्याच्या गुरुजींना तोवर घाम फुटलेला. पुढे ते काही वर्षं बंद होतं तेव्हा सहल कुठे न्यायची हा दरवर्षीचा तंटा. किल्ला दाखवला तर पोरं विचारतात, “बाई, याच्यात बसायचं कुठं?”

आणि तुम्ही अचलपूरकडचे ना? तुमच्या दारातली शकुंतला विसरलात? अचलपूर ते मूर्तिजापूर, नॅरो गेज, 1994 पर्यंत वाफेचं इंजिन. ती चालू होती तेव्हा आम्ही तिला शिव्याच घातल्या. सायकलवाला पुढे जायचा. आता बंद आहे तर सगळ्यांना पुळका. तिच्यात कोणी मजा म्हणून बसलं नाही, बाजाराला जायला बसले, म्हणून ती आठवणीत इतकी घट्ट बसली असेल.

बाकी तुम्ही “काम घेऊ का” विचारलंत. “मजुरीत काय मागू” हे कोणी विचारायचं?

वरुडवाला

बाईचं बरोबर हाय. भंगार 30 नं जाते. डबा माग.

गॅसकटर

तीन आठवड्यांनी लिहितोय. काम घेतलं.

आधी हिशेबनीसभाऊंचं गणित मालकाला कागदावर मांडून दाखवलं. त्याने वाचलं, कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, “रेल्वेच्या गोलावरच लॉन येते. तिथून नवरदेवाची एन्ट्री हाय.” मी म्हटलं, नवरदेव रेल्वेतून आणू. तो खरोखर मिनिटभर विचारात पडला. मग म्हणाला, “वऱ्हाडी चारशे असतात बावा, डबे तीनच.” संपलं. माणूस वाईट नाही. त्याचं गणित लग्नाचं, आपलं पोरांचं, आणि लग्नाचं बिल मोठं असते.

कापायला तीन दिवस लागले. इंजिनाच्या पत्र्यावर ज्योत धरली तेव्हा रंगाचे पापुद्रे एकेक करून उचलले गेले. वर निळा, त्याखाली लाल, त्याखाली पिवळा, सगळ्यांत खाली हिरवा. मी बसलो होतो तेव्हा पिवळी होती. पिवळा आला तसा मी कटर बंद केला, चहा प्यायलो, मग परत लावला. मधल्या डब्याच्या बाकाखाली बोटभर माती साचलेली. तिच्यात आठ आण्यांची दोन नाणी, एक केसांची चाप, गोट्या तीन, आणि पेप्सीच्या थंडगार कांडीचं प्लास्टिक, दातांनी कुरतडलेलं. बोनेट उघडलं तर आत विहिरीवरचं 5 एचपीचं डिझेल इंजिन, पट्टा लावून. आमच्या जुन्या विहिरीवर होतं तसंच. म्हणजे बाबांनी त्या दिवशी 20 रुपये खर्चून मला चार वेळा पंपावर फिरवलं होतं, तो तर घरी फुकट होता.

इंजिन काट्यावर गेलं. मी मजुरीतले दोन दिवस सोडले, त्यात मधला डबा आणि साठ फूट रूळ मागून घेतले. लोखंड पाहता सौदा माझ्या तोट्याचा नाही, हे बायकोला समजावता समजावता रात्र झाली.

आता डबा आमच्या संत्र्याच्या बागेत आहे, विहिरीच्या बाजूला, साठ फूट सरळ रुळावर. पोरगी सात वर्षांची. बसते आणि म्हणते, “बाबा, ढकल.” साठ फूट ढकलतो, ती म्हणते, “आता वापस.” रात्रीच्या पाण्याला मी खाटेऐवजी डब्यातच बसतो.

अडचण अशी आहे. साठ फुटांचा गोल केला तर त्रिज्या साडेनऊ फुटांची येते आणि डबा सात फुटांचा. चाकं वळणार नाहीत, रुळावरून उतरतील. अजून निदान शंभर फूट तरी रूळ पाहिजे, दोन फुटांच्या गेजचे, आणि वाकवायला बरा रोलर. माझा रोलर गेटच्या पाइपापुरताच आहे. अमरावती-अकोल्याच्या आत कोणाकडे असेल तर सांगा. भंगारभावाने घेतो, वाहतूक माझी.

वरुडवाला

रोलर माह्याकडे हाय. रूळ मोर्शीले एका भंगारवाल्याच्या वाड्यात पाहिले होते, इचारून सांगतो. आइतवारी येतो. संगं दोन पोट्टे येतीन, तिघं बसतीन ना एका डब्यात?